पुनरागमनाची घाई, गुडघ्याला महाग

क्रीडा प्रतिनिधी

४ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमधील महिला बॅडमिंटन एकेरीची उपान्त्य लढत. स्पेनची कॅरोलिना मरिन चीनच्या ही बिंगजाओविरुद्ध पहिला गेम २१-१४ असा जिंकून दुसऱ्या गेममध्येही आघाडीवर होती. एक फटका परतवताना तिचा उजवा गुडघा वळला आणि ती कोर्टवर कोसळली. गुडघ्याला आधारपट्टा बांधून तिने पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न केला. पण दोन गुणांनंतर तिला सामना सोडावा लागला. रिओ येथे २०१६ साली पी. व्ही. सिंधूला हरवून सुवर्णपदक पटकावणाऱ्या मरिनच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याची ही तिसरी वेळ होती. जानेवारी २०१९ मध्ये जकार्ता येथे सायना नेहवालविरुद्धच्या अंतिम सामन्यात उजवा, २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या तोंडावर डावा आणि पॅरिसमध्ये पुन्हा उजवा.

पहिल्या दुखापतीनंतर जेमतेम आठ महिन्यांत, सप्टेंबर २०१९ मध्ये, मरिनने चायना ओपन स्पर्धा जिंकली होती. त्या पुनरागमनाचे जगभर कौतुक झाले आणि ते रास्तही होते. पॅरिसमधील दुखापत घाईमुळे झाली असेही कोणाला म्हणता येणार नाही. मधे साडेपाच वर्षे लोटली होती. तरीही तिची कारकीर्द एक गोष्ट स्पष्टपणे दाखवते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतणे हा शेवट नसतो. जोखमीचा एक नवा कालखंड तेथून सुरू होतो. मग परतण्याची वेळ झाली हे ठरवायचे कशावरून, आणि ते ठरवायचे कोणी?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा दिनदर्शिका देते. 'सहा महिन्यांनी खेळायला हरकत नाही' हे वाक्य शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक खेळाडूने कधी ना कधी ऐकलेले असते. मुंबई-पुण्यातील भाड्याच्या टर्फवर शनिवार-रविवारी फुटबॉल खेळणारा नोकरदार असो वा जिल्हा संघाच्या निवड चाचणीकडे डोळे लावून बसलेली कबड्डीपटू, दोघेही महिने मोजतात. गेल्या काही वर्षांतील संशोधन मात्र सांगते की केवळ महिने मोजणे पुरेसे नाही. कमी महिने मोजणे तर उघड धोक्याचे आहे.

दोर नवा, पण कच्चा

क्रिकेटच्या बातम्यांमुळे 'एसीएल' ही तीन अक्षरे आता वृत्तपत्र वाचकांच्या परिचयाची झाली आहेत. अॅन्टिरियर क्रुशिएट लिगामेंट हे त्याचे पूर्ण नाव. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरके जोडणारा हा सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा अस्थिबंध. नडगीचे हाड पुढे घसरू नये आणि गुडघा नको तितका पिळला जाऊ नये, ही त्याची जबाबदारी. सरळ रेषेत चालताना वा धावताना त्याची उणीव फारशी जाणवत नाही. कसोटी लागते ती वेगात असताना अचानक थांबताना, दिशा बदलताना किंवा उडीनंतर एका पायावर उतरताना. कबड्डीतील चढाई, खो-खोतील हूल, फुटबॉलमधील वळण, बॅडमिंटनमधील झेप ही सारी याच अस्थिबंधाच्या जिवावर चालतात. म्हणूनच ही दुखापत बऱ्याचदा कोणाचाही धक्का न लागता होते. पाय जमिनीवर रोवलेला राहतो, शरीर वळते आणि गुडघ्यातून 'कट्' असा आवाज येतो.

तुटलेला अस्थिबंध बहुतेकदा शिवून पूर्ववत होत नाही. म्हणून शल्यचिकित्सक रुग्णाच्याच शरीरातील एखादी कंडरा काढून घेतात. ती मांडीच्या मागच्या स्नायूची असते, गुडघ्याच्या वाटीखालची असते किंवा वाटीच्या वरची. हाडांत बोगदे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने ती तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवली जाते. शस्त्रक्रिया तासा-दोन तासांची. रुग्ण काही दिवसांत घरी जातो. खरी कथा येथून पुढे आहे.

नव्या जागी बसवलेल्या कंडरेला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिच्यातील पेशी मरतात, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी तिच्यात शिरतात आणि कंडरेचे रूपांतर अस्थिबंधासारख्या ऊतीत होऊ लागते. या स्थित्यंतरात, पहिल्या काही महिन्यांत, तिची ताकद वाढण्याआधी घटते. संपूर्ण प्रक्रियेला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. खेळाडूची फसगत नेमकी येथे होते. तीन-चार महिन्यांत सूज ओसरते, वेदना थांबते, जिने चढता-उतरता येतात, दुचाकी चालवता येते. गुडघा बरा झाला असे वाटते त्या वेळी आतला दोर कच्चाच असतो. वेदना नसणे म्हणजे तयारी असणे, हा समज या दुखापतीत सर्वांत महाग पडतो.

आकडे काय सांगतात

नॉर्वेतील ऑस्लो आणि अमेरिकेतील डेलावेअर येथील संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांचा दोन वर्षे पाठपुरावा करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेळात परतणे एकेका महिन्याने पुढे ढकलले, तर नवव्या महिन्यापर्यंत प्रत्येक महिन्यागणिक गुडघ्याच्या पुन्हा दुखापतीचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटत गेले. त्यानंतर केवळ थांबण्याचा वेगळा लाभ दिसला नाही. त्याहून बोलका आकडा दुसरा. वळणे-उड्या असलेल्या खेळात परतलेल्यांपैकी ज्यांनी ताकद आणि हालचालींच्या ठरलेल्या चाचण्या पूर्ण केल्या नव्हत्या, त्यांच्यातील ३८.२ टक्के जणांना पुन्हा दुखापत झाली. चाचण्या उत्तीर्ण झालेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होते. अभ्यासातील व्यक्तींची संख्या लहान असल्याने हे आकडे दशांशापर्यंत शिरोधार्य मानू नयेत, हे खरे. पण त्यांची दिशा निःसंदिग्ध आहे. कतारमधील 'अस्पेटार' या क्रीडावैद्यक रुग्णालयाने १५८ व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत त्याच वर्षी असाच निष्कर्ष काढला. सहा निकष पूर्ण न करता खेळू लागलेल्यांत नवा अस्थिबंध तुटण्याचा धोका सुमारे चौपट आढळला.

वयाचा मुद्दा आणखी चिंताजनक आहे. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१६ सालच्याच एका विश्लेषणात दुसऱ्यांदा अस्थिबंध तुटण्याचे सरासरी प्रमाण १५ टक्के निघाले. मात्र पंचविशीच्या आतील आणि खेळात परतलेल्यांमध्ये ते २३ टक्क्यांवर गेले. म्हणजे जवळपास दर चार तरुण खेळाडूंमागे एक. यातील लक्षणीय दुखापती शस्त्रक्रिया न झालेल्या, म्हणजे धडधाकट समजल्या जाणाऱ्या दुसऱ्या गुडघ्याच्या असतात. तेव्हा दोष केवळ नव्या दोराचा नसतो. संपूर्ण शरीराची हालचाल, स्नायूंची ताकद आणि तोल यांचाही तो प्रश्न असतो.

परतणाऱ्यांचे प्रमाण तरी किती? सात हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा घेणाऱ्या २०१४ सालच्या अभ्यासानुसार ८१ टक्के जण कोणत्या ना कोणत्या खेळाकडे वळले, ६५ टक्के पूर्वीच्या पातळीवर पोहोचले आणि स्पर्धात्मक खेळात परतलेले ५५ टक्केच होते. उत्तमोत्तम वैद्यकीय पथके दिमतीला असलेल्या युरोपातील व्यावसायिक फुटबॉलपटूंची स्थितीही फार वेगळी नाही. त्यांच्यातील जवळपास सारे मैदानावर परततात. पण तीन वर्षांनंतर सर्वोच्च पातळीवर टिकून राहिलेले ६५ टक्केच असतात. 'शस्त्रक्रिया यशस्वी' आणि 'खेळाडू यशस्वी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांनी दाखवून दिले आहे.

नावाजलेल्यांचे दाखले

सामान्य खेळाडूसमोर मात्र हे आकडे नसतात. त्याच्यासमोर नावाजलेल्यांच्या कहाण्या असतात. न्यूझीलंडचा केन विल्यमसन ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबाद येथे आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात सीमारेषेवर झेपावताना जायबंदी झाला. शस्त्रक्रिया झाली आणि १३ ऑक्टोबर रोजी चेन्नई येथे विश्वचषकात बांगलादेशविरुद्ध त्याने ७८ धावा केल्या. साडेसहा महिन्यांतील हे पुनरागमन सर्वांच्या लक्षात राहिले. पण विल्यमसन फलंदाज होता. त्याच्या दिमतीला देशाच्या संघाचे वैद्यकीय पथक होते आणि फलंदाजीत गुडघ्यावर येणारा पीळ कबड्डीच्या चढाईतील पिळासारखा नसतो, हे मात्र विसरले गेले.

ऋषभ पंतचे उदाहरण याच्या उलट आहे. ३० डिसेंबर २०२२ रोजी रूरकीजवळ झालेल्या भीषण मोटार अपघातात त्याच्या उजव्या गुडघ्याचे एकाहून अधिक अस्थिबंध निकामी झाले. मुंबईत शस्त्रक्रिया, त्यानंतर बंगळुरू येथील राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत प्रदीर्घ पुनर्वसन आणि अखेर २३ मार्च २०२४ रोजी मुल्लनपूर येथे आयपीएलमध्ये पुनरागमन. अपघातापासून जवळपास पंधरा महिने. भारतात झालेला २०२३ चा विश्वचषक त्याला मुकावा लागला. पण त्याच्या परतण्याची घाई कोणी केली नाही. डावात शेकडो वेळा उठाबशा काढाव्या लागणाऱ्या यष्टिरक्षकाला यष्ट्यांमागे उभे राहण्यायोग्य ठरवूनच भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्याला मार्च २०२४ मध्ये तंदुरुस्त जाहीर केले. त्याच वर्षी तो ट्वेन्टी-२० विश्वचषक विजेत्या संघात होता आणि सप्टेंबरमध्ये चेन्नई येथे कसोटीतील पुनरागमनात त्याने शतक झळकावले.

कुस्तीपटू विनेश फोगटला दोनदा या दिव्यातून जावे लागले. रिओ ऑलिम्पिकमध्ये २०१६ साली चीनच्या सुन यानानविरुद्ध तिचा उजवा गुडघा निकामी झाला. दोन वर्षांनी जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याच प्रतिस्पर्ध्याला पहिल्या फेरीत हरवून तिने पुढे सुवर्णपदक जिंकले. ऑगस्ट २०२३ मध्ये डाव्या गुडघ्याची पाळी आली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये, आठ महिन्यांनी, तिने पॅरिस ऑलिम्पिकचे स्थान निश्चित केले. पॅरिसमध्ये ती अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. पुढे वजनाच्या कारणावरून ती अपात्र ठरली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. ऑलिम्पिकची तारीख खेळाडूसाठी थांबत नाही. अशा वेळी जाणतेपणाने जोखीम पत्करणे हा त्या खेळाडूचा हक्कच आहे. प्रश्न आहे तो जोखीम किती, हेच ठाऊक नसलेल्या शेकडो खेळाडूंचा.

लंगडीची परीक्षा

ही जोखीम मोजता येते. चाचण्यांची यादी जगभर थोड्याफार फरकाने सारखीच आहे. गुडघ्यात सूज नसावी. पाय पूर्ण सरळ व्हावा. मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंची ताकद यंत्रावर मोजली असता ती दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के भरावी. नंतर एका पायावरील उड्या: एकच लांब उडी, सलग तीन उड्या, रेषा ओलांडत नागमोडी उड्या आणि सहा मीटर अंतर एका पायावर कापण्यास लागणारा वेळ. लंगडीची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला ही परीक्षा परकी वाटू नये. मोजपट्टी, खडू आणि स्टॉपवॉच एवढ्या साहित्यावर ती शाळेच्या मैदानातही घेता येते. अखेरीस दिशाबदलाची धाव आणि खेळाशी निगडित सराव.

अर्थात या चाचण्यांनाही मर्यादा आहेत. नऊ महिने विश्रांती झालेल्या खेळाडूचा चांगला पायही अशक्त झालेला असतो. त्याच्याशी तुलना करून ९० टक्के गुण मिळाले तरी ते फसवे असू शकतात. दोन्ही पायांवरील उडीचे अंतर सारखे भरले, तरी दुखऱ्या गुडघ्याचे काम कंबर आणि घोटा परस्पर उचलत असतात. म्हणून केवळ किती लांब उडी मारली हे पाहून भागत नाही. तो खेळाडू उतरताना कसा उतरला, गुडघा आत वळला का, हे जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या नजरेने पाहावे लागते. ताकद मोजणारी यंत्रे मोठ्या शहरांतील निवडक केंद्रांतच आढळतात, ही व्यावहारिक अडचणही आहेच.

मनाची चाचणी तर आपल्याकडे सहसा कोणी घेत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली बारा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली तयार केली. पुन्हा तोच प्रसंग येईल ही भीती, गुडघ्यावरचा विश्वास, खेळताना दुखापतीचा विचार मनात येतो का, असे ते प्रश्न. गुडघा तयार असूनही खेळाडू परतत नाही, यामागे ही भीती हे एक मोठे कारण असल्याचे अभ्यासांत दिसते. 'घाबरू नकोस, खेळ' असे प्रशिक्षकाने पाठीवर थाप मारून सांगितल्याने ती जात नाही. टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या सरावानेच ती ओसरते.

घाई कोणाची?

खेळाडू घाई करतात असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ती घाई व्यवस्थेने घडवलेली असते. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. सतराव्या वर्षी बुडालेला हंगाम पुन्हा मिळत नाही. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण हे दोन्ही स्पर्धेतील कामगिरीच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतात. शेतकरी किंवा कामगार कुटुंबातील खेळाडूसाठी राज्य स्पर्धा हुकणे म्हणजे कदाचित नोकरी हुकणे. त्याला नऊ महिने थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरकडे या प्रश्नाचे उत्तर नसते.

दुसरी अडचण पैशाची आहे आणि तिची चर्चा फारच कमी होते. सर्वसाधारण आरोग्य विम्यात शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. मात्र रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च ठराविक मुदतीपुरताच, अनेक पॉलिसींमध्ये साठ किंवा नव्वद दिवसांपर्यंतच, ग्राह्य धरला जातो. या शस्त्रक्रियेत पहिले तीन महिने गुडघा वाकवणे, चालणे आणि स्नायू जागे करणे यातच जातात. खेळासाठीची खरी तयारी त्यानंतर सुरू होते. म्हणजे विम्याचे संरक्षण जेथे संपते तेथेच खेळाडूचे पुनर्वसन आरंभते. पुढील सहा महिने आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओथेरपिस्टकडे जाण्याचा खर्च खिशातून करावा लागतो. परिणामी अनेक जण चौथ्या महिन्यात उपचार थांबवतात आणि सातव्या महिन्यात थेट मैदान गाठतात. शस्त्रक्रियेवर मोठी रक्कम खर्च करायची आणि तिला यशस्वी करणाऱ्या व्यायामाकडे पाठ फिरवायची, हा उलटा हिशेब आहे.

हौशी खेळाडूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अस्थिबंध तुटलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तातडीने शस्त्रक्रिया केलेले आणि आधी व्यायामोपचार करून गरजेपुरतीच नंतर शस्त्रक्रिया केलेले अशा दोन गटांची दोन वर्षांनंतरची स्थिती जवळपास सारखी होती. शिवाय या दुखापतीनंतर दहा ते वीस वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांच्या गुडघ्यात संधिवाताची झीज दिसते, असे आढावे सांगतात. विशीत जायबंदी झालेल्या मुलाचा गुडघा चाळिशीत म्हातारा होऊ शकतो. दुसरी दुखापत ही शक्यता वाढवते. तेव्हा पणाला लागतो तो केवळ पुढचा हंगाम नव्हे.

काय करता येईल

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. शस्त्रक्रियेनंतर घरी पाठवताना रुग्णाच्या हाती 'सहा महिन्यांनी भेटा' या चिठ्ठीऐवजी टप्प्यांचा आणि निकषांचा तक्ता द्यावा. राज्य संघटनांनी, निदान कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि फुटबॉलच्या, अशा शस्त्रक्रियेनंतर परतणाऱ्या खेळाडूसाठी किमान नऊ महिने आणि चाचण्यांचे प्रमाणपत्र अनिवार्य करावे. पुण्यातील बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी ही तपासणी तालुक्याच्या खेळाडूलाही अल्प दरात करून मिळावी. वैद्यकीय कारणाने हंगाम हुकलेल्यांना सवलतीच्या गुणांसाठी मागील वर्षाची कामगिरी ग्राह्य धरण्याचा विचार शासनाने करावा. घाईचे मूळच त्यामुळे सैल होईल. विमा कंपन्यांनीही पुनर्वसनाची मुदत या शस्त्रक्रियेपुरती वाढवून पाहावी. दुसऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा सहा महिन्यांचा व्यायाम त्यांनाही स्वस्त पडेल.

आणि दुखापत होण्याआधीचा मार्ग तर सर्वांनाच खुला आहे. 'फिफा'ने पुरस्कृत केलेल्या वीस मिनिटांच्या वॉर्म-अपसारखे व्यायाम नियमित केल्यास अस्थिबंधाच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटतात, असे अभ्यासांत आढळले आहे. ही दुखापत पुरुषांच्या तुलनेत दोन ते तीन पट अधिक होणाऱ्या मुलींसाठी तर हे व्यायाम शाळेपासूनच सक्तीचे हवेत.

तोवर शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूने स्वतःपुरता एक नियम पाळावा. मैदानावर केव्हा उतरू, असे विचारण्याआधी कोणत्या चाचण्या बाकी आहेत, असे डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारावे. हा प्रश्न ऐकून जे तक्ता काढतील, त्यांच्यावर गुडघा सोपवायला हरकत नाही.